पोळ्यात तुटलेली वायर

राउटरवर रुमाल टाकू नका. मिक्सरवर टाका, शिलाई मशीनवर टाका, टीव्हीवर टाकायचा असेल तर टाका, राउटरवर नको. ही एवढीशी गोष्ट कळायला आमच्या घराला अख्खा उन्हाळा लागला, आणि त्या उन्हाळ्यात मी केबलवाल्याला जेवढ्या शिव्या दिल्या त्यातल्या अर्ध्या खरं तर मायच्या भरतकामाला जायला हव्या होत्या. अर्ध्याच. उरलेल्या अर्ध्या त्याच्याच वाट्याच्या होत्या आणि त्या मी आजही परत घेत नाही.

आमचं गाव तेलंगणात, भीमपूर मंडळात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर. नदीपलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि मोबाइलचं काय विचारता. तो ज्या टॉवरला सापडेल त्याचा. ओसरीवर उभं राहून फोन लावला आणि लागला नाही, तर आतली बाई तेलुगूत माफी मागायची. तोच फोन मागच्या गोठ्यातून लावला तर मराठीत. माफी दोन्हीकडे मिळायची, फोन कुठूनच लागायचा नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला इंटरनेट लागत नाही. मग अक्का घरी आली आणि लागायला लागलं.

अक्का माझी मोठी बहीण. ती सहावीत गेली तेव्हाच घरातून गेली. बोथला वसतिगृहात राहून शिकली, मग आदिलाबादला, मग हैदराबादला, आणि तिथेच एका कंपनीत लागली. माझ्या लहानपणी अक्का म्हणजे पाहुणी. दिवाळीला यायची, पोळ्याला यायची, मायने तिच्यासाठी वेगळी राखून ठेवलेली चादर वापरायची आणि जायची. आपल्याच घरात चहापत्तीचा डबा कुठे असतो हे तिला विचारावं लागायचं. आमच्याकडे मुलीला शिकवायचं म्हणजे आधी घराबाहेर काढायचं. वर लोक म्हणतात, पोरीला घराची ओढ नाही. ओढ कशी राहील? शाळा जवळ ठेवली का तुम्ही? पण तो विषय वेगळा, त्यावर माझं पत्रक आहे.

टाळेबंदी आली आणि कंपनीने सगळ्यांना लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. थोड्या दिवसांसाठी, म्हणाले. अक्का पाठीवर एक बॅग आणि हातात लॅपटॉप घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, जेवायच्या पाटावर लॅपटॉप मांडून बसली. स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. तो दुपारपर्यंत फिरला.

मग शोध सुरू झाला. फोन कुठे ठेवला म्हणजे लॅपटॉपला नेट मिळतं? गच्चीवर मिळायचं, पण उन्हात लॅपटॉप तापून बंद पडायचा. लिंबाच्या फांदीला फोन पिशवीत घालून टांगला तर मिळायचं, पण वारा आला की पिशवी फिरायची आणि मीटिंगमधला माणूस अर्ध्या शब्दात तोंड उघडं ठेवून थांबायचा. बाबांनी फोनमागे स्टीलचं ताट उभं केलं. त्यांना कोणी सांगितलं होतं कोणास ठाऊक, पण थोडा फरक पडला. सगळ्यात चांगलं मिळालं गोठ्यात. नदीपलीकडचा टॉवर तिथे सरळ लागायचा. तेव्हा सकाळचं थोडं काम ओसरीवर उरकून अक्काचं ऑफिस गोठ्यात जायला लागलं. एका बाजूला गव्हाण, दुसऱ्या बाजूला खुर्ची, आणि विजेची वायर घरातून खिडकीवाटे.

ऑफिसातल्या लोकांना मागे घंटा ऐकू यायची. त्यांना वाटायचं शेजारी देऊळ आहे. अक्काने कधी खुलासा केला नाही. पण तिच्या साहेबाकडे एक यंत्रणा होती, कोण कुठून काम करतं ते दाखवणारी. एक दिवस त्याने विचारलं, की तुम्ही सकाळी तेलंगणात असता आणि दुपारी रोज महाराष्ट्रात जाता, हे काय आहे? फिरायला जाता का?

अक्का त्याला म्हणाली, "सर, आय एम इन द सेम हाउस."

त्याला पटलं नाही. मला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता रागही आला. एका घरात बसलेल्या मुलीला स्वतःच्या घरात असल्याचा पुरावा द्यावा लागतो! तेव्हा मी आदिलाबादला डिग्री कॉलेजात शिकत होते, म्हणजे कॉलेज बंद होतं आणि मीही घरीच होते. विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायला मी नुकतीच शिकले होते. आमच्या संघटनेतले एक दादा सांगायचे, पत्रकाचं पहिलं वाक्य वाचून माणसाला बसल्या जागी उभं राहावंसं वाटलं पाहिजे. मी गावासाठी लिहिलं, पहिलं वाक्य असं: "आपल्या गावापर्यंत बिल येतं, वायर येत नाही." मग दरख्वास्त लिहिली आणि दस्तखत घ्यायला दारोदार फिरले.

शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "कायले पायजे व तुले वायर? टीव्हीले तं छत्री हाये."

"अक्काच्या कामाला पाहिजे, काकू. नेट नसलं तर तिला परत हैदराबादला जावं लागेल."

"जाऊन राह्यली का थे परत?" त्यांनी हात पुसले. "दे इकडं. कुठं करू अंगठा?"

सगळं गाव असंच वळलं. इंटरनेटसाठी कोणी दस्तखत केलं नाही. अक्कासाठी केलं.

आदिलाबादच्या केबलवाल्याने बऱ्याच फेऱ्या मारायला लावून शेवटी वायर दिली. काळी, बारीक, आत काचेचा केसासारखा धागा असलेली. ती रस्त्याने विजेच्या खांबांवरून आली, मधे दोन झाडांना बांधली गेली, आणि गावात शिरताना आखराजवळच्या, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेजवळच्या, खांबावरून समोरच्या पिंपळाला आडवी आली. माणसाने हात वर केला तर बोटं लागतील एवढ्या उंचीवर. मी त्याच्या माणसाला तेव्हाच म्हटलं, "ही खाली आहे." तो म्हणाला, "मॅडम, बाद में टाइट करेंगे." त्याचा बाद में अजून आलेला नाही.

राउटर माजघरात बसला. लहान पांढरा डबा, दोन कान, हिरवे दिवे. मायने त्याच्याकडे पाहिलं, धूळ बसेल म्हणाली, आणि मोराचं भरतकाम केलेला रुमाल त्यावर घातला. कडेला लेस होती. नेट सकाळी धावायचं आणि दुपारी मरायचं. रोज. मी फोन करायचे. तेलुगूसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीसाठी काय दाबू? आदिलाबाद जिल्ह्यात आम्ही पिढ्यानपिढ्या राहतो आणि यांच्या फोनमध्ये आमच्यासाठी एक बटण नाही. दोन दाबून मी हिंदीत भांडायचे. तिकडचा मुलगा म्हणायचा, रीस्टार्ट कीजिए. मी रीस्टार्ट करायचे. रुमाल उचलायचा, बटण दाबायचं, थोडा वेळ उघडा ठेवायचा, नेट यायचं. मी परत रुमाल घालायचे. रुमाल मी स्वतः परत घालायचे!

शेवटी एक दिवस अक्कानेच त्याला हात लावला आणि ओढला. "माय व, हे तं तव्यासारखं तापलं!"

मायला वाईट वाटलं. तिने तो मोर तिथून काढून माझ्या पत्रकांसाठी आणलेल्या जुन्या प्रिंटरवर घातला. प्रिंटरला चालला. प्रिंटर तसाही कधी चालत नव्हता.

त्या काळाचं मला काय काय आठवतं! अक्काने मीटिंगच्या वेळी खोलीच्या दाराला लाल ओढणी बांधायला सुरुवात केली. ओढणी दिसली की घरात आवाज बंद. माय शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवून ठेवायची आणि भात अर्धकच्चा राहायचा. मग ती खूण गल्लीला कळली. भाजीवाला ओसरीपाशी आला की आधी दाराकडे पाहायचा आणि मायला कानात सांगितल्यासारखं म्हणायचा, "वांगे हाये, मावशी. ताजे हाये." काकूंचं आणि समोरच्या घरचं भांडणसुद्धा एकदा ओढणी निघेपर्यंत थांबलं होतं. निघाल्यावर दोघीही विसरल्या की कशावरून भांडत होत्या.

संध्याकाळी अक्का लॅपटॉप मिटायची आणि आम्ही दोघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचो. मी तिला सगळं सांगायचे: कोणाशी भांडले, कोणाला निवेदन दिलं, इंद्रवेल्लीच्या बाजारात पत्रकं वाटताना कोण काय बोललं. ती ऐकायची आणि म्हणायची, "तू जरा कमी उद्गारचिन्हं घाल बरं." मी तिला घरातलं शिकवलं. कोणत्या बैलाला कपाळावर खाजवलेलं आवडतं, मागच्या दाराची कडी वर उचलून मग लावायची, चहापत्ती कुठे, आणि बाबांची झोप मोडली की किती वेळ त्यांच्याशी बोलायचं नाही. बहीण असताना मला बहीण मिळाली. थट्टा नाही, खरंच. इतके दिवस मला फक्त एक हुशार पाहुणी होती.

अक्कालाही ते कळत होतं. एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "लग्न झालं की सासर आहेच. त्याच्या आधी जरा आपल्या घरी राहून घ्यायचंय गं. कधी राहिलेच नाही."

मग ऑफिसं उघडली. कंपनीने एकेकाला परत बोलवायला सुरुवात केली. अक्काने साहेबाला मेल लिहिला, की माझं काम घरून नीट होतं, मला घरीच राहू द्या. साहेब वाईट नव्हता. तो म्हणाला, नेट पक्कं असेल तर माझी हरकत नाही. बाहेरच्या देशातल्या ग्राहकासमोर एक सादरीकरण आहे, ते तुम्ही घरून करा, मधे तुटलं नाही तर पुढेही घरून करा. सादरीकरणाचा दिवस निघाला पोळ्याचा. वेळ संध्याकाळची, कारण तिकडे तेव्हा सकाळ.

आता पोळा आमच्याकडे कसा असतो ते सांगते. गावाच्या आखराजवळ रस्त्यावर आडवा दोर बांधतात, त्याला आंब्याच्या पानांचं तोरण. शिंगं रंगवलेल्या, बाशिंगं बांधलेल्या, झुली घातलेल्या सगळ्या बैलजोड्या त्या तोरणाखाली उभ्या राहतात. पूजा होते, झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा कवनं, म्हणतात, एकमेकांची चेष्टा करतात, आणि मानकऱ्याने हात लावला की तोरण तोडतात. तोरण तुटलं म्हणजे पोळा फुटला. बैल गावात धावतात आणि माणसं तोरणावर तुटून पडतात. त्याचा तुकडा घरच्या दाराला बांधला तर चांगला, असं आमच्या गावात मानतात. आखराजवळ म्हणजे कुठे? त्याच खांबापासून त्याच पिंपळापर्यंत.

त्या वर्षी तोरण बांधायचं काम बाबांकडे होतं. अक्का आदल्या दिवशी त्यांना म्हणाली, "बाबा, वायर बघा हं. बैलाच्या शिंगात अडकली तर सगळं गेलं."

"तुह्या वायरले काई होत नाई, बाई," बाबा म्हणाले. "मी हाओ न."

मला तेवढ्यावर भरवसा नव्हता. मी पारावर गेले. तिथे बाप्ये बसले होते. मला पाहून एक आजोबा म्हणाले, "आली लीडरीण. आता पोळ्यावर मोर्चा हाये का?"

"तोरण यंदा दुसरीकडे बांधा," मी म्हटलं.

"काऊन?"

"वर वायर आहे. उद्या अक्काची परीक्षा आहे समजा. वायर तुटली तर ती हैदराबादला जाते."

मग आजोबा म्हणाले, "तोरणाची जागा त काई बदलत नाई, पोरी. पण वायरले हात लावीन थो आमचा नाई. काय रे?"

सगळे हो म्हणाले. मनापासून म्हणाले, आजही मला त्यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या दाराला लाल ओढणी लागली. आत अक्का, नवा कुर्ता घालून, समोर पाण्याचा तांब्या ठेवून. माय पूजेचं ताट तयार करून ओसरीवर, बैलांची वाट पाहत. मी गच्चीवर. तिथून आखर दिसतं. ढोल वाजत होता, शिंगं निळी-लाल चमकत होती, आणि तोरण यंदा चांगलं उंच बांधलेलं दिसत होतं. मी मनात म्हटलं, शाब्बास. बैलाची शिंगं काय, बाशिंगाचा तुरासुद्धा लागणार नव्हता.

मग मला दिसलं की ते इतकं उंच कशाला अडकून राहिलं आहे.

दोर वायरला बांधला होता. दर वीतभर एक गाठ. वायर खाली झोल खात होती म्हणून तिला दोराने वर ओढून घेतलं होतं, आणि दोघांना मिळून तोरण नेसवलं होतं. खालून पाहणाऱ्याला पानांत वायर दिसतही नव्हती. मी गच्चीवरून ओरडले. ढोलापुढे कोण ऐकतं? मी जिन्यात होते तेव्हा आरोळी उठली. पोळा फुटला.

मी ओसरीवर पोचले तेव्हा अक्का दारात उभी होती. ओढणी तिच्या खांद्यावर अडकून आली होती.

"गेलं," ती म्हणाली.

"गोठ्यात चल!"

ती फोन घेऊन गोठ्यात धावली, मी लॅपटॉप घेऊन तिच्या मागे. पलीकडचा टॉवर देवासारखा लागला. गोल फिरला, थांबला, चेहरे आले. अक्काने मान वाकवून माफी मागितली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागली. सरळ, न थरथरता. मी तिच्यामागे गोणपाट धरून उभी राहिले, गव्हाण दिसू नये म्हणून. आणि मागच्या दाराने आमची जोडी आली. धावत, घंटा वाजवत, गळ्यात माळा, अंगावर रंगाचे पंजे. आपल्या जागेवर जायचं होतं त्यांना. त्यांचा काय दोष? थोरल्याने गोणपाटाखालून डोकं घातलं, माझ्या हातातून गोणपाट गेलं, आणि अक्काच्या खांद्यावरून एक सोनेरी बेगड लावलेलं शिंग पडद्यावर आलं.

तिकडची माणसं हसली. टाळ्या वाजवल्या. एकीने म्हटलं, किती सुंदर! साहेबही हसला. माय पूजेचं ताट घेऊन दारात थबकली होती. तिला आत यावं की नाही कळेना. अक्काने कॅमेऱ्याकडे पाहून थांबा म्हटलं, ताट घेतलं, बैलाला कुंकू लावलं, आणि परत बसून सादरीकरण पूर्ण केलं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. काम उत्तम झालं, ग्राहक खूश आहे, तुमच्या बैलाचं सगळे कौतुक करतात. पण मधे तुटलं ना. मी वर काय सांगू? पुढच्या महिन्यापासून ऑफिसला या.

कौतुक! कौतुकावर कोणी घरी राहू शकतं का?

मी कागद घेऊन बसले. केबलवाल्याने वायर खाली का टांगली, कंपनीला शहराबाहेर माणसं राहतात हे का दिसत नाही, सगळं लिहिलं. आणि शेवटी माझं नेहमीचं: "याला जबाबदार कोण?" त्याच वेळी ओसरीवर माणसं यायला लागली. आधी काकू. त्यांच्या हातात आंब्याची पानं गुंडाळलेला वायरचा तुकडा.

"दारले बांधला होता व," त्या म्हणाल्या. "मंग हे पोट्टे म्हनले का ह्यातच अक्काचं ऑफिस होतं. जोडून पाय बरं."

मग पारावरचे आजोबा. मग समोरच्या घरचे. कोणी हातभर आणला, कोणी वीतभर, कोणी पानं सुकू नयेत म्हणून पाणी शिंपडून आणला. आजोबा म्हणाले, "आमी वायरले हात नाई लावला, पोरी. आमी तोरणालेच लावला." मी त्यांना काय सांगणार होते, की आतली काच एकदा मोडली की असा गाठ मारून जोड बसत नाही? सगळं ओट्यावर ठेवून घेतलं. ढीग झाला.

बाबा त्या ढिगाकडे पाहत होते. अक्काने माझ्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून हळू म्हणाली, "गाठी बाबांनी बांधल्यात."

"मला माहीत आहे."

"वायरीला शिंग लागू नये म्हणून वर घेतली त्यांनी. माझ्यासाठी. छापायचं असेल तर छाप."

मी ते फाडलं. केबलवाल्याबद्दलचा वरचा भाग ठेवला होता, पण खालच्या ओळीशिवाय तो लंगडा वाटला, म्हणून तोही फाडला.

अक्का बाबांजवळ जाऊन बसली. ते म्हणाले, "मले वाटलं दोर मजबूत हाये, वायरले आधार होईन." ती म्हणाली, "होता न आधार, बाबा. आखरातली माणसं जास्त मजबूत निघाली." तेव्हा ते हसले. थोडंच.

जायला दिवस होते. कंपनीने तिला तोवर सुट्टी टाकायला सांगितलं, कारण वायरशिवाय, गोठ्यातल्या फोनच्या भरवशावर केलेलं काम त्यांना चालणार नव्हतं. आणि मग आमच्या घरात जे दिवस आले तसे मी त्याआधी पाहिले नाहीत, नंतरही नाहीत. लॅपटॉप कपाटात. राउटरचा एक दिवा लाल, बाकीचे विझलेले. अक्का सकाळी उशिरा उठायची. शेतात आली, सोयाबीनच्या रानात चिखलाने भरून परतली. मायबरोबर भाकरी थापायला बसली आणि पहिली भाकरी तेलंगणाच्या नकाशासारखी झाली म्हणून दोघी पोट धरून हसल्या. नदीवर गेलो. कुकरला पूर्ण शिट्ट्या व्हायला लागल्या. भाजीवाला ओरडून वांगी विकायला लागला, आणि दाराकडे पाहून मग ओशाळायचा, मग परत ओरडायचा.

त्या दिवसांत केबलवाल्याला एकही फोन गेला नाही. आधी काकूंनी विचारलं, मग आजोबांनी, "काऊन व लीडरीणबाई, तक्रार नाई केली?" मी म्हणायचे, करते. माझ्याइतकी तक्रार अख्ख्या मंडळात कोणी केली नसेल, आणि माझ्याच्याने ते बटण दाबवेना. बहुतेक काकूंनीच शेवटी कोणाला तरी सांगून तो फोन करवला असणार.

अक्का निघायच्या आदल्या दिवशी दुपारी केबलवाल्याचा माणूस मोटरसायकलवर नव्या वायरचं भेंडोळं टाकून दारात हजर झाला. आम्ही सगळे ओट्यावर होतो. अक्का मायचे केस विंचरत होती, बाबा दोर वळत होते, मी शेंगा सोलत होते.

"कनेक्शन जोडना है ना?" तो म्हणाला. "आधे घंटे का काम है."

मी उठून फाटकापाशी गेले.

"आज नहीं," मी म्हटलं. "कल आइए. सुबह की बस के बाद."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मॅडम, आपही तो... आप तो रोज फोन करती थीं."

"हाँ. कल."

"कल छुट्टी है मेरी."

"तो परसों."

त्याने ओट्याकडे पाहिलं. अक्काच्या हातात मायची अर्धी वेणी होती आणि ती आमच्याकडेच पाहत होती. बाबांनी दोर बाजूला ठेवला, त्याला हाक मारली, "अरे, बस ना बाप्पा. चाय पिऊन जा." तो भेंडोळं गाडीवरच ठेवून आत आला.

"चहा मी करते," अक्का म्हणाली. तिने वेणी माझ्या हातात दिली आणि कोणाला काही न विचारता स्वयंपाकघरात गेली.